फुटलेला डिस्प्ले घरी बदलण्याआधी: किट घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

हे पत्रक किटच्या पाकिटात सगळ्यात वर ठेवलं आहे, ते फोन उघडण्याआधी वाचलं जावं म्हणून. किटमध्ये सक्शन कप, प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या, त्रिकोणी पिक, छोटे स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा आणि बी-७००० गोंदाची ट्यूब आहे. एवढ्या सामानात बऱ्याच फोनचा डिस्प्ले घरी बदलता येतो. सगळ्या फोनचा येत नाही. आपला फोन यातला कोणता, हे आधी ठरवा. काम अर्धवट उघडून अडकलेले फोन आमच्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा बहुतेकदा चूक हातांची नसते, ती या निवडीत झालेली असते.

नक्की काय फुटलं आहे?

वरची काच, तिच्याखालचा टच आणि चित्र दाखवणारं पॅनेल हे तिन्ही एकमेकांना चिकटवलेले असतात. बाजारात या जोडलेल्या भागाला कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात. चित्र स्वच्छ दिसतंय, टच सगळीकडे चालतोय, फक्त काचेला जाळं पडलंय, अशा वेळी ग्राहक विचारतात, ‘नुसती काच द्या ना, स्वस्तात होईल.’ नुसती काच मिळते, पण घरी बसवण्यासाठी ती आम्ही देत नाही. जुनी काच पॅनेलपासून सोडवायला तापवलेली प्लेट आणि बारीक तार लागते, नवी चिकटवायला ओसीए नावाची पारदर्शक चिकट शीट आणि लॅमिनेशनचं मशीन लागतं, मधले बुडबुडे काढायला आणखी एक मशीन. हेअर ड्रायर आणि पट्टीने हे करायला गेलं की चांगलं असलेलं पॅनेलही जातं. ॲमोलेड पॅनेल (ज्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) तर इतकं पातळ असतं की कडेला जरा दाब पडला तरी त्यावर काळा डाग पसरत जातो. घरी करायचं असेल तर पूर्ण कॉम्बोच बदला.

आत्ता पैशांची ओढाताण असेल आणि टच चालत असेल, तर स्क्रीनवर पारदर्शक चिकटपट्टी किंवा टेम्पर्ड ग्लास लावून काही दिवस काढता येतात. पावसाळ्यात मात्र हा उपाय लांबवू नका, तड्यांतून ओल आत जाते.

कोणते फोन घरी उघडू नयेत

कडेला वळलेली स्क्रीन असलेले, घडीचे, वॉरंटी किंवा विमा चालू असलेले. ज्यांची बॅटरी फुगली आहे आणि मागचं झाकण उचललं गेलं आहे, ते तर अजिबात नाही. वॉरंटीतल्या फोनसाठी आधी कंपनीच्या सेवा केंद्राचा भाव विचारा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. तिथे सहभागी कंपन्यांच्या सेवा आणि दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते.

आयफोनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. आतल्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर तो थेट फोनच्या मुख्य सर्किट बोर्डात घुसतो, आणि ते नुकसान डिस्प्लेपेक्षा खूप महाग पडतं. ५एस ते ८ या मॉडेलमध्ये बोटाचा ठसा ओळखणारं होम बटण त्या-त्या बोर्डाशी जोडलेलं असतं, म्हणून जुनंच बटण नव्या डिस्प्लेवर बसवावं लागतं. एक्सपासून पुढच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फेस आयडीचा, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडणाऱ्या सोयीचा, काही भाग डिस्प्लेच्या वरच्या टोकाला असतो. त्याची बारीक स्ट्रिप (जोडणारी चपटी वायर) फाटली तर फेस आयडी गेला, आणि बाजारातला दुसरा सुटा भाग लावून तो परत येत नाही. ११ पासून पुढे बाहेरचा डिस्प्ले लावला की सेटिंगमध्ये तशी सूचनाही दिसते. त्यामुळे पहिलाच प्रयत्न फेस आयडीच्या आयफोनवर करू नका असं आम्ही काउंटरवरही सांगतो, किट विकलं गेलं नाही तरी चालेल.

कॉम्बो निवडताना

फोनचं नाव पुरत नाही. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर असलेला मॉडेल नंबर अक्षरांसह लिहून आणा. रेडमी नोट ८ आणि नोट ८ प्रो यांचे डिस्प्ले वेगळे, गॅलेक्सी ए५० आणि ए५०एसचे मॉडेल नंबर वेगळे.

दुसरा प्रश्न ॲमोलेडचा. मूळ स्क्रीन ॲमोलेड असलेल्या अनेक फोनसाठी एलसीडी प्रकारचा (मागे दिव्याचा थर असलेला) स्वस्त कॉम्बोही मिळतो. तो चालतो, पण जाड असतो, काळा रंग करडा दिसतो. आणि गॅलेक्सी ए५० सारख्या फोनमध्ये स्क्रीनखालचा बोटाचा सेन्सर बंद पडतो, कारण तो पॅनेलमधून आरपार येणाऱ्या प्रकाशावर चालतो आणि एलसीडीच्या मागचा बॅकलाइटचा थर तो प्रकाश अडवतो. यूपीआय आणि बँकेचं ॲप बोटाने उघडायची सवय असेल तर हे पैसे वाचवू नका.

फ्रेमसह कॉम्बो घ्यावा की फ्रेमशिवाय? फ्रेमशिवायचा स्वस्त, पण जुनी स्क्रीन तापवून, तुकडे-तुकडे उचलून काढावी लागते. फ्रेमसह घेतला तर ती कटकट नाही, मात्र बोर्ड, बॅटरी, स्पीकर सगळं नव्या फ्रेममध्ये हलवावं लागतं, आणि चिकटवलेली बॅटरी सोडवणं हे यातलं सगळ्यात जोखमीचं काम. फ्रेम वाकली नसेल तर आमचा सल्ला फ्रेमशिवायच्या कॉम्बोचा.

काम सुरू करताना

आधी डेटा दुसरीकडे घ्या. टच मेला असेल पण चित्र दिसत असेल, तर ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून संगणकाचा माउस लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बाण दिसतो आणि त्याने लॉक उघडून फोटो, नंबर सगळं काढता येतं.

चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणून फोन बंद करा. चुकून बॅटरीला इजा झाली तर कमी चार्जवर धोका कमी असतो. सिमचा ट्रे आठवणीने काढा. फुटलेल्या काचेवर रुंद चिकटपट्टी लावा, काचेचे कण उडत नाहीत आणि सक्शन कपही धरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. पंखा बंद, लहान मुलं खोलीबाहेर. कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागेवरून निघाला तिथेच चिकटपट्टीखाली ठेवा.

अँड्रॉइड फोनमध्ये सहसा मागचं झाकण आधी निघतं. मागे बोटाचा सेन्सर असेल तर त्याची स्ट्रिप झाकणाला जोडलेली असते, झटका देऊ नका. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग डिस्प्लेचा. बॅटरी जोडलेली ठेवून डिस्प्लेची स्ट्रिप ओढली तर बोर्डावरचा फ्यूज किंवा बॅकलाइटचा भाग जळू शकतो. त्यानंतर समोरची कड हेअर ड्रायरने हाताला चटका बसेल न बसेल इतकी तापवा आणि पिक दोन-तीन मिलिमीटरच आत सरकवा. बॅटरीच्या जवळ लोखंडी पातं कधीही वापरू नका. बॅटरीला भोक पडलं, गोडसर वास किंवा फुस्स आवाज आला, तर फोन उघड्यावर वाळूत ठेवून लांब व्हा.

चिकटवण्याआधी तपासा

सगळ्या पत्रकातली एकच सूचना पाळणार असाल तर ही पाळा. नवा कॉम्बो नुसता जोडा, बॅटरीचा कनेक्टर शेवटी लावा, फोन सुरू करा. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून डाग बघा. एखादं आयकॉन बोटाखाली धरून स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांतून फिरवा. कुठे सुटलं तर तिथे टच मेलेला आहे. ब्राइटनेस कमी-जास्त करा, एक कॉल लावून फोन कानाजवळ नेल्यावर स्क्रीन बंद होते का ते पाहा. दोष दिसला तर कॉम्बोवरची संरक्षक फिल्म न काढता, गोंद न लावता कॉम्बो आणा, आम्ही बदलून देऊ. गोंद लागलेला कॉम्बो आम्हालाही परत करता येत नाही.

सगळं ठीक असेल तर फोन बंद करून बॅटरीचा कनेक्टर पुन्हा काढा, डिस्प्लेचाही काढा, फ्रेममधला जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नव्या गोंदाची दोऱ्याएवढी बारीक रेघ कडेने ओढा. जास्त झाला तर तो इअरपीसच्या जाळीत शिरतो. सगळे कनेक्टर लावून डिस्प्ले बसवा, रबरबँडने हलका आवळून २४ तास ठेवा. जोरात दाबलेल्या एलसीडीवर पांढरे ठिपके कायमचे उमटतात. फोनला पाण्यापासून संरक्षण होतं असं खोक्यावर लिहिलं असेल, तर ते आता धरून चालू नका. स्क्रीनखालचा सेन्सर असल्यास बोटाचे ठसे नव्याने नोंदवा.

जुना डिस्प्ले आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. डिस्प्लेसारख्या भागांसाठी ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटरीसाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ आहेत, आणि असा माल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. काउंटरवर आणून दिलात तर आम्ही तो तिकडे पोचवतो. फुगलेली बॅटरी असेल तर पिशवीत दाबून भरू नका, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात आणा.