गुडघा बरा वाटतो, तेव्हाच तो सगळ्यात कच्चा असतो

‘स्मृती मानधना पाच महिन्यांत परत आली, मग आमची पोरगी का नाही?’ सांगली-मिरजेकडच्या कबड्डीच्या मैदानांवर हा सवाल हमखास ऐकू येतो. सांगलीत वाढलेल्या स्मृतीला जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका अस्थिबंधाची, दुखापत झाली आणि जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिनं इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या. या गोष्टीनं कितीतरी पोरींना धीर दिला, ते चांगलंच झालं. पण राष्ट्रीय संघातल्या एका खेळाडूच्या परतण्यावरून गावातल्या पोरीचं कॅलेंडर आखता येत नाही.

हे लिहायला बसलो ते वाळवा तालुक्यातल्या एका चढाईपटूमुळे. बारावीत, शालेय १९ वर्षांखालच्या गटात खेळणारी. बोनस घेऊन मागे वळताना पाय मॅटवर तसाच रुतून राहिला, गुडघा आत वळला आणि ‘कट्’ असा आवाज आला. कुणी पकडलं नव्हतं, साधा धक्कासुद्धा लागला नव्हता. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच होतात: थांबताना, वळताना, उडी मारून खाली येताना. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत सगळा खेळ आटोपतो. स्नायूंनी सावरायचं म्हटलं तरी तेवढा वेळच मिळत नाही.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारा अस्थिबंध. नडगी पुढं सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. तो पूर्ण तुटला की सहसा आपला आपण नीट जुळत नाही. इतर ठिकाणी जखमेत रक्ताची गुठळी होते आणि तिच्या आधारानं नवी ऊती उभी राहते. इथं सांध्यातल्या द्रवात ती गुठळी टिकतच नाही, त्यामुळे दोन टोकांमध्ये पूल बांधायला आधारच उरत नाही.

या मुलीचे पहिले काही आठवडे ‘नस चढलीय’ म्हणून मालिश आणि हळदीच्या लेपात गेले. हळद सांगलीची, तिचा अभिमान मलाही आहे. पण कातडीवर लावलेला लेप सांध्याच्या पोटात तुटलेल्या अस्थिबंधापर्यंत पोचत नाही, आणि तुटलेला बंध चोळून जोडला जात नाही. सुजलेला, लटपटणारा गुडघा जोरजोरात चोळणं आणि ओढणं यानं आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा होऊ शकते. आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर हाडवैद्याकडे न जाता थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ऑपरेशनमध्ये तुटलेला बंध बहुधा शिवत नाहीत. मांडीच्या मागच्या बाजूचे दोन स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, काढतात, दुमडून चौपदरी करतात आणि हाडांत भोकं पाडून तिथं बसवतात. यालाच ग्राफ्ट म्हणतात. बसवला त्या दिवशी तो चांगलाच दणकट असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत त्याच्यातल्या पेशी मरतात. मागे उरतो कोलॅजेनचा, म्हणजे चिवट प्रथिनांच्या तंतूंचा, सांगाडा. माणसं सोडून गेलेला वाडा जसा भिंतींवर उभा असतो, तसा. मग सांध्याच्या अस्तरातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग शरीराच्या नव्या पेशी येतात. या पेशी जुने जाड तंतू विरघळवतात आणि त्यांच्या जागी नवे, बारीक तंतू विणतात. आधी मोडतोड, मग बांधकाम. त्यामुळे मधल्या काळात ग्राफ्ट बसवला होता त्याहून कमजोर होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा तळ साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात दिसतो. माणसात ही पुनर्रचना आणखी संथ चालते, वर्ष उलटून गेल्यावरही सुरूच असते. पेशींवर येणारा ताण ठरवतो की तंतू कोणत्या दिशेनं विणायचे. म्हणून नुसतं पडून राहणंही चुकीचं. बेतशीर, रोज थोडा वाढता भार हवा. स्नायुबंधाचा अस्थिबंध होतो तो असा, आणि तरीही तो जन्मजात एसीएलसारखा तंतोतंत कधीच होत नाही.

या मुलीचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. फेब्रुवारीत बोर्डाचे पेपर सुरू झाले, तोवर सूज उतरली होती, जिना चढता येत होता, दुखणं जवळपास संपलं होतं. ‘आता पळू का?’ असं तिनं विचारलं, तो नेमका ग्राफ्ट सर्वांत कच्चा असण्याचा काळ. दुखत नाही याचा अर्थ सूज आणि जखम शांत झाली, एवढाच. ग्राफ्टच्या ताकदीबद्दल वेदना काहीच सांगत नाही.

तिला घाई आहे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजची संघनिवड होते आणि शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळायचं तिचं स्वप्न आहे. पण ऑपरेशननंतर मैदानात परतायला निदान नऊ महिने थांबायचं म्हटलं, तर सप्टेंबर येतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंवरच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. आणि पंचविशीच्या आत खेळात परतणाऱ्यांपैकी साधारण २३ टक्क्यांना एका ना दुसऱ्या गुडघ्यात एसीएलची दुखापत पुन्हा होते. १७-१८ वर्षांची कबड्डीपटू याच गटात मोडते. नऊ महिने पुरे झाले की आपोआप परवानगी मिळते, असंही नाही. एका पायावरची लांब उडी आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरायला हवी. मांडीचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजला तरी दोन पायांतला फरक घरच्या घरी दिसतो.

शालेय गटाला वयाची मर्यादा आहे, कॉलेजमध्ये मात्र खेळायला पुढची काही वर्षं मिळतात. पहिलं वर्ष सरावात आणि व्यायामात घालवून दुसऱ्या वर्षी निवडीला उतरणं, असा बेत तिच्या प्रशिक्षकांनी आणि घरच्यांनी केला तर मला तो फार पटेल.

मुलींना हा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन-तीन पट असतो, पण तो बराच टाळता येतो. उडी मारून खाली येताना गुडघे आत न वळवणं, दोन्ही पायांवर वाकून उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणं, हे सरावाआधी नेमानं केलं तर मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा ११ प्लस’ हा वॉर्मअप अशाच व्यायामांचा आहे. वीस मिनिटांचा असतो आणि त्याला मशिन लागत नाही. आपल्याकडच्या मुलींच्या संघांत सराव सुरू होतो तो बहुतेक वेळा मैदानाला चार फेऱ्या मारून. त्यातल्या दोन कमी करून या व्यायामांना जागा द्यावी, आणि ती सातवी-आठवीच्या मुलींपासूनच द्यावी.