बगदादहून मुंबईला आलेली देवीची लस

मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा चिकट द्राव. देवीची पहिली लस या अर्थाने शब्दशः लसच होती. गाईच्या आचळांवर उठणाऱ्या सौम्य देवी माणसाला टोचल्या तर त्याला खऱ्या देवीपासून संरक्षण मिळते, हे एडवर्ड जेन्नर यांनी 1796 मध्ये इंग्लंडमध्ये दाखवून दिले. टोचलेल्या जागी आठवड्याभरात फोड भरे आणि आठव्या दिवसाच्या सुमारास त्यातली लस काढून ती ताजी असतानाच दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचावी लागे. लस ताजी लागणे हीच मोठी अडचण होती, कारण आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस येणाऱ्या जहाजाला अनेक महिने लागत आणि तेवढ्या उष्म्यात वाळवलेली लस निकामी होऊन जाई.

मार्ग सापडला तो खुष्कीचा, तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्यातून आणि त्याच्या इराणला लागून असलेल्या सीमाप्रांतातून जाणारा. व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी लसीत भिजवलेला कापसासारखा धागा काचेच्या दोन तबकड्यांमध्ये बंद केला, कडा लाखेने बुजवल्या आणि वितळलेल्या मेणात तो पुन्हा पुन्हा बुडवून त्याचा घट्ट गोळा केला. 1802 च्या वसंतात ही लस बगदादला पोहोचली, तेव्हा ती अजून ओलीच होती. त्या बोटभर काचेत व्हिएन्नाच्या डॉक्टराची केवढी चिकाटी साठलेली होती, याचे मला आजही नवल वाटते.

बगदादला ती टोचून फोड उठले, तिथून ती बसरा बंदरास नेण्यात आली. बसऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतले डॉक्टर मिल्न यांनी तिथल्या लोकांना टोचून ती जिवंत ठेवली आणि जहाजाने मुंबईकडे धाडली.

मुंबईत ती अनेक मुलांना टोचण्यात आली; उठली ती एकाच मुलीच्या दंडावर. 14 जून 1802 रोजी टोचलेली ही मुलगी, ॲना डस्टहॉल, जेमतेम तीन वर्षांची होती. भारतात देवीची लस यशस्वीपणे टोचून घेणारी ती पहिली व्यक्ती मानली जाते. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातली लस काढून पाच मुलांना टोचली आणि साखळी सुरू झाली. ज्यांना देवी येऊन गेलेल्या नाहीत, अशी मुले दर आठवड्याला शोधावी लागत, कारण एक खेप चुकली तर सगळे काम बसऱ्यापासून पुन्हा आरंभावे लागले असते. दंडावरून दंडावर नेताना दुसरे रोगही सोबत जाण्याचा धोका होता आणि तो सोसला त्या मुलांनी. ब्रिटिश साम्राज्याच्या इतिहासात डॉक्टरांची नावे ठळक आहेत. मला मात्र या लसीचे खरे वाहन ती मुलेच वाटतात.

ॲनाच्या दंडावरून निघालेली ही लस मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरत गेली. पुणे तेव्हा पेशव्यांचे होते.