ताटलीच्या आवाजाला दचकणारं बाळ

बाळाला ऐकू येतं का, हे पाहायची आपल्या घरांतली पद्धत म्हणजे पाठीमागे जाऊन ताटली वाजवायची. बाळ दचकलं की सगळे निर्धास्त. पण ताटलीचा दणका इतका मोठा असतो, की निम्मंशिम्मं ऐकू येणारं बाळही त्याला दचकतं. कधी ते आवाजाला नाही, तर हललेल्या सावलीला वळतं. बहिरं बाळ सुरुवातीचे काही महिने हुंकारही देतं. पुढे दीड वर्षाचं झालं तरी शब्द फुटत नाही, तेव्हा कोणीतरी म्हणतं, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ तेवढ्यात आणखी सहा महिने जातात.

हे महिने फार मोलाचे असतात, कारण कान आवाज पोहोचवतो आणि मेंदू ऐकतो. सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटातलं बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. जन्मानंतरची पहिली तीन-साडेतीन वर्षं मेंदूतला श्रवणाचा भाग झपाट्यानं घडत असतो. त्या काळात तिथे आवाज पोहोचलाच नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही, मेंदू ती दुसऱ्या कामांना देऊ लागतो. मग पुढे उत्तम यंत्र बसवलं, तरी आवाजातून शब्द वेगळा काढणं अवघड जातं.

ताटलीपेक्षा कितीतरी चांगली चाचणी आज उपलब्ध आहे आणि तिच्यामागचं विज्ञान मला विलक्षण वाटतं. आपला कान स्वतः आवाज करतो! अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत बाहेरच्या बाजूला सुमारे बारा हजार केसपेशी असतात. आवाज आला की त्या आखडतात, सैलावतात आणि त्याला बळ देतात. या हालचालीतून अगदी क्षीण प्रतिध्वनी उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1978 मध्ये तो प्रथम टिपला. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून काही मिनिटांत हा प्रतिध्वनी तपासता येतो. हीच ‘ओएई’ चाचणी. मात्र कान ठीक असून आवाज मेंदूकडे नेणाऱ्या श्रवणनसेतच दोष असेल, तर ती फसते. म्हणून कमी दिवसांचं, तीव्र कावीळ झालेलं किंवा अतिदक्षता विभागात राहिलेलं बाळ असेल, तर नसेची ‘बेरा’ चाचणीही आग्रहानं मागा. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. केसपेशीच फार कमी उरल्या असतील, तर मोठा केलेला आवाजही पुरत नाही. मग शस्त्रक्रियेनं कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटमधून विजेचे बारीक स्पंद थेट श्रवणनसेला दिले जातात. केंद्र सरकारच्या ‘अडिप’ या दिव्यांगांसाठीच्या साहाय्य योजनेतून पात्र लहान मुलांना ते मोफत मिळतं. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्था त्या कामात मध्यवर्ती आहे. पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे ऐकणं आलं असं नव्हे. हजारो तासांच्या शांततेनंतर मेंदूला पहिल्यांदा आवाज कळतो. तो कशाचा, हे शिकवावं लागतं. कुकरची शिट्टी झाली की कानाकडे बोट दाखवायचं, ‘ऐकलंस? शिट्टी!’ म्हणायचं आणि मग कुकर दाखवायचा. वाचा-उपचार आठवड्यातून एक-दोन तास. बाकी शिकवणी घरातच.

खुणांची भाषा शिकल्यानं मूल बोलणार नाही, ही भीती मनातून काढून टाका. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. कोणतीच भाषा न मिळणं, हाच खरा धोका.

शाळेत गेल्यावर अंतर आडवं येतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं घटतो; वर्गात त्यावर पंख्याची घरघर आणि भिंतींचा घुमारा. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या, की ओठही दिसत नाहीत. त्यातून मराठीची आणखी एक अडचण: ‘दादाने मारलं’ आणि ‘दादाला मारलं’ यांतला सगळा फरक एका पुसट उच्चारलेल्या प्रत्ययात असतो. तो निसटला, तर मार कोणी खाल्ला हेच उलटं होतं. अशा मुलाला ‘लक्ष नसतं’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी एकदा त्याच्या बाकावर बसून पाहावं.

म्हातारपणीचं बहिरेपण निराळं. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, थ, फ पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं रे, पण कळत नाही.’ आणि नातू मोठ्यानं बोलला की, ‘ओरडतोस कशाला?’ तो हट्ट नसतो. बाहेरच्या केसपेशी गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम सहन होईनासा होतो. समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोलावं. न कळलेलं वाक्य तसंच पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलावेत.

नवं श्रवणयंत्र लावल्यावर पहिल्या आठवड्यात नळाचं पाणी, कागदाची सळसळ, स्वतःचं चावणंही मोठं वाटतं. म्हणून बरीच यंत्रं कपाटात जातात. मेंदूला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना ते लावावं. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन आवाज पुन्हा जुळवून घ्यावा. तेव्हा घरातल्या कोणीतरी सोबत जावं, म्हणजे सुनेचं बोलणं कळतं पण नातीचं कळत नाही, हेही तिथे सांगता येतं.