फुलब्राइट : अडकलेल्या पैशांतून निघालेली शिष्यवृत्ती

फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीचं नाव काढलं की शिफारसपत्रं, मुलाखत आणि शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी मिळणारा जे-1 व्हिसा आठवतो. या शिष्यवृत्तीचं मूळ मात्र युद्धानंतर उरलेल्या मालाच्या विक्रीत आहे.

1945 मध्ये दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी लष्कराचे ट्रक, जीप, यंत्रं आणि इतर सामान जगभर पडून होतं. घरी नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. ज्या देशांत माल होता त्यांना तो हवा होता, पण त्यांच्याकडे डॉलर नव्हते. स्थानिक चलनात विकावा, तर ते पैसे त्या देशाबाहेर काढता येत नव्हते. आर्कान्सा राज्याचे नवखे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी सप्टेंबर 1945 मध्ये यावर तोडगा सुचवला. हे अडकलेले पैसे तिथेच विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावेत, अशी दुरुस्ती त्यांनी युद्धसाहित्याच्या विल्हेवाटीच्या कायद्याला मांडली. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते स्वतः ऑक्सफर्डला शिकले होते. चीनकडून परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडापोटी घेतलेल्या नुकसानभरपाईचा काही भाग चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे वळवल्याचा जुना दाखलाही समोर होता. एप्रिल 1946 मध्ये सिनेटने विधेयक चर्चेविनाच मंजूर केलं आणि 1 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. सद्भावना होतीच, पण माझ्या मते विधेयक बिनबोभाट पार पडलं ते करदात्याकडे नवा डॉलर मागत नव्हतं म्हणून. एका देशात वर्षाला फार तर 10 लाख डॉलर किमतीचं चलन खर्चायचं, अशी मर्यादाही त्यात होती.

पहिला करार नोव्हेंबर 1947 मध्ये चीनशी झाला आणि दोन वर्षांत तिथल्या सत्तांतरामुळे बारगळला. भारताशी करार झाला 2 फेब्रुवारी 1950 रोजी. प्रजासत्ताक होऊन जेमतेम आठवडा उलटला होता. नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांनी सह्या केल्या. कारभारासाठी दिल्लीत युनायटेड स्टेट्स एज्युकेशनल फाउंडेशन इन इंडिया ही संस्था उभी राहिली. जुने लोक तिला अजून ‘युसेफी’ म्हणतात.

पैसे रुपयांत, यातच सगळी मेख होती. अमेरिकी प्राध्यापक भारतात आला की त्याचं घरभाडं, मानधन, प्रवास सगळं रुपयांत भागायचं. भारतीय विद्यार्थी अमेरिकेला निघाला की रुपयांतून त्याचं फक्त तिकीट निघायचं. तिथली फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च डॉलरमध्ये, म्हणजे तो विद्यापीठाने उचलायचा किंवा 1948 च्या स्मिथ-मुंट कायद्याखालच्या डॉलर निधीतून मिळवायचा. सुरुवातीच्या काळात अनेकांच्या हाती पडलेलं अनुदान म्हणूनच निव्वळ प्रवासखर्चाचं होतं. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या दिवसांत तेही काही थोडं नव्हतं, पण देवाणघेवाण म्हणावी तर तराजू एका बाजूला झुकलेलाच होता.

युद्धसाहित्याचा पैसा कधीतरी संपणार होता. पुढची सोय धान्याने केली. 1951 मध्ये भारताने गव्हासाठी 19 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. त्याच्या व्याजातला काही भाग भारतीय विद्यापीठांना पुस्तकं, उपकरणं देण्यासाठी आणि शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखला गेला. मग 1954 चा पीएल-480 हा अमेरिकी धान्यविक्रीचा कायदा आला. रेशनवरचा अमेरिकन गहू आणि लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ला त्यांना हा आकडा पाठ असतो. गाजर गवताचं बीही त्याच गव्हातून आलं, असं आपल्याकडे आजही सांगतात. या धान्याचे पैसे भारत रुपयांत भरत होता आणि ते अमेरिकेच्या नावे इथेच साठत होते. त्यातला काही वाटा अभ्यासाकडे वळला. 1961 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं भारतातलं पहिलं मुख्यालय पुण्यात, डेक्कन कॉलेजात होतं. 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना धाडायला सुरुवात केली. मराठी पुस्तकं शिकागोपर्यंत पोचली ती या वाटेने. साठा इतका फुगला की फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारला 1,664 कोटी रुपयांचा धनादेश देऊन बराचसा हिशेब मिटवला.

परदेशी शिकायला पाठवणारा काही ना काही अट घालतोच. 1913 मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. अमेरिकेची अट उलट्या दिशेची आहे : शिकून परत जा. 1956 मध्ये कायद्यात आलेल्या या तरतुदीनुसार फुलब्राइटवर गेलेल्याला दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-1बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. कित्येकांना ही अट नोकरीची ऑफर हातात आल्यावरच आठवते.

1961 च्या फुलब्राइट-हेज कायद्याने सगळ्या विखुरलेल्या तरतुदी एकत्र आणल्या. नोकरी-व्यवसायात मुरलेल्यांसाठी 1978 मध्ये हम्फ्री फेलोशिप आली : वर्षभर शिका, काम बघा, पदवी मात्र नाही.

खुद्द फुलब्राइट हे सरळ रंगवता येण्यासारखं पात्र नव्हे. 1954 मध्ये कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या चौकशी समितीला पैसे देण्याविरुद्ध सिनेटमध्ये एकच मत पडलं, ते त्यांचं. त्याच माणसाने 1956 मध्ये शाळांतला वर्णभेद संपवण्याला विरोध करणाऱ्या दक्षिणेकडच्या जाहीरनाम्यावर सही केली. शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकांत हा दुसरा भाग सहसा सापडत नाही.

2008 मध्ये नवा करार होऊन भारत खर्चातला समान भागीदार झाला. शिष्यवृत्त्यांना ‘फुलब्राइट-नेहरू’ हे नाव आणि फाउंडेशनला ‘युसिएफ’ हे नवं लघुरूप मिळालं. अमेरिकेचा वाटा आता तिथल्या काँग्रेसने दरवर्षी मंजूर करायच्या निधीतून येतो. अंतिम निवडीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या बारा जणांच्या मंडळाकडे असतो. जून 2025 मध्ये या मंडळाच्या जवळपास सगळ्या सदस्यांनी, आपण निवडलेली नावं सरकारने राजकीय कारणांनी डावलली असा आरोप करत, राजीनामे दिले.