सिंड्रेला, ‘स्वामी’ आणि आष्टीची लढाई: एका वाचकवादाची पार्श्वभूमी

जुनी परीकथा उचलायची, ती दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये नेऊन ठेवायची आणि तिची प्रेमकादंबरी करायची, हा इंग्रजीतला आता चांगला रुळलेला प्रकार आहे. सोलापुरातही अशा कादंबऱ्या वाचल्या जातात. कुणी मोबाईलवर वाचतं, कुणी मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून आलेलं पुस्तक संपवून पुढं देतं. मग मतं निघतात आणि ती फार टोकाची असतात. एकीला वाटतं, इतकी गोड प्रेमकथा कित्येक दिवसांत वाचली नव्हती. दुसरी म्हणते, यात इतिहास कुठाय, नुसते झगे आणि नाच आहेत. तिसरीची तक्रार उलटीच: सिंड्रेला म्हणून वाचायला घेतली आणि ना परी, ना भोपळ्याची गाडी. शेवट आधीच ठाऊक असेल तर चारशे पानं कशासाठी वाचायची, असंही कुणीतरी विचारतं.

ही मतं कुठल्या एका पुस्तकापुरती नाहीत. कादंबरीत अद्भुत किती असावं, खरं किती असावं आणि प्रेमाचा शेवट कसा व्हावा, यावर मराठी वाचक दीडशे वर्षं भांडतो आहे. त्या भांडणाचे काही धागे सोलापूरच्या आसपासच्या मातीत आहेत.

आधी गोष्टीबद्दल. सिंड्रेलाचा काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी हे सगळं शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ सालच्या पुस्तकातलं. त्याच्या साठेक वर्षं आधी इटलीतल्या नेपल्सच्या बासिले या लेखकाच्या संग्रहात हीच गोष्ट आली होती आणि तिथली नायिका काही गरीब गाय नाही. ती पहिल्या सावत्र आईची मान पेटीच्या झाकणाखाली चिरडते. ग्रिम बंधूंच्या जर्मन गोष्टीत सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून टाच आणि अंगठा कापून घेतात. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या येशिआनच्या गोष्टीतही हरवलेला जोडा आहेच. १८९३ साली मॅरियन कॉक्स या बाईंनी या गोष्टीची ३४५ रूपं गोळा करून छापली. ‘लेखिकेनं मूळ सिंड्रेला बिघडवली’ असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की मूळ म्हणून बोट ठेवावं अशी एकच सिंड्रेला नाहीच. प्रत्येक काळानं ती आपल्या मापाची करून घेतली आहे.

आणि हे रूप आपल्याकडेही आहे, दख्खनचंच आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८६५-६६च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि तिची आया अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. मुक्कामामागून मुक्काम पडत गेले तशा अ‍ॅनानं आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मेरीनं त्या उतरून घेतल्या आणि १८६८ साली लंडनला त्यांचं पुस्तक निघालं. अ‍ॅनाच्या आजोबांचं घराणं मूळचं लिंगायत, पुढं ख्रिस्ती झालेलं. सोलापूरकराला हे वाचताना ओळखीचं वाटेल. इथं आजही एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही भाषांतून पोरांना गोष्टी सांगितल्या जातात, आणि गोष्ट कुठल्या भाषेतून आली हे पोराला आठवतही नाही.

त्या पुस्तकात सोदेवाबाईची गोष्ट आहे. राजाची मुलगी, गळ्यात सोन्याचा हार, त्या हारात तिचा जीव. डोंगरावर फुलं वेचताना तिचा एक जोडा दरीत पडतो, राजपुत्राला सापडतो आणि त्या जोड्याच्या मागानं तो तिच्यापर्यंत पोचतो. इथवर सिंड्रेला. पण लग्न झालं म्हणून गोष्ट थांबत नाही. राजपुत्राला आधीची एक बायको आहे. ती हार चोरवते आणि सोदेवाबाई मरते. मात्र सवत रात्री हार काढून ठेवते तेवढा वेळ ती जिवंत होते, दिवसा पुन्हा निपचित. मला ही गोष्ट पेरोपेक्षा खोल वाटते. जोडा बसला की बाईचं सगळं भागतं, असं ती मानत नाही. लग्नानंतरही तिचा जीव दुसऱ्याच्या हातात राहू शकतो, हे ती सांगणारी बाई जाणून होती.

आता परीकथेला इतिहासात बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेक लेखिका रिजन्सी काळ निवडतात. १८११ ते १८२० ही ती नऊ वर्षं. राजा तिसरा जॉर्ज वेडा झालेला, कारभार युवराजाकडे. जॉर्जेट हेयर या लेखिकेनं १९३५पासून या काळावर कादंबऱ्या लिहिल्या. कपडे, गाड्या, बोलण्यातल्या लकबी यांची तिनं इतकी बारीक टिपणं ठेवली की पुढं या प्रकाराचा साचाच पडला. साचा पडला म्हणून तो पोकळ ठरत नाही. परीकथेतल्या ज्या गोष्टी मुलं प्रश्न न विचारता मान्य करतात, त्यांना या काळात खरी कारणं मिळतात.

सावत्र आई इतकी कठोर का? तेव्हाच्या इंग्लंडात जमीनजुमला सहसा थोरल्या मुलाकडे जाई; मुलगा नसेल आणि वारसाची तशी अट असेल तर लांबच्या कुठल्यातरी पुरुष नातेवाइकाकडे. नवरा गेला की बाई आणि तिच्या मुली डोक्यावरच्या छपराची वाट बघत बसणार. पदरात दोन मुली असलेली विधवा सवतीच्या मुलीकडे कशी बघेल, हे मग सांगावं लागत नाही. लग्न झालेल्या बाईचा पैसाअडका नवऱ्याचा होई. तिची मिळकत तिच्या स्वतःच्या नावावर राहण्याची कायद्यानं पुरती सोय झाली ती १८८२ साली. १७५३च्या विवाह कायद्यानं एकविशीच्या आतल्या मुलामुलींना पालकांची संमती सक्तीची केली. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन गावाकडे धावत. मध्यरात्रीचे बारा ठोके, घरी परतायची घाई, ओळख लपवणं, या सगळ्याच्या मागं चांगल्या कादंबरीत असा एखादा कायदा किंवा एखादं कर्ज उभं असतं. परीच्या जागी पैसेवाली मावशी येते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला श्वापद झालेला राजपुत्र वॉटर्लूच्या लढाईतून चेहरा भाजून परतलेला सरदार होतो. ज्या वाचकांना ‘परी गेली म्हणजे जादू गेली’ असं वाटतं त्यांचं दुःख मला समजतं, पण कायद्यानं जखडलेली मुलगी स्वतःच्या अकलेनं सुटते तेव्हा मला जास्त आनंद होतो.

मराठीत हा वाद कादंबरीबरोबरच जन्मला. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजपुत्र, विरह, संकटं, योगायोग आणि शेवटी मीलन असा त्यांचा थाट. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत याचं कारण मोठ्या स्पष्टपणे मांडलं आहे. आपल्या लोकांचं रोजचं जगणं आणि लग्नाच्या रीती अशा, की त्यांचं जसंच्या तसं वर्णन केलं तर त्यात मन रमवणारं काही सापडायचं नाही, म्हणून अद्भुताकडे जावं लागतं, असा त्यांचा सूर आहे. ज्या समाजात मुलीचं लग्न तिला कळायच्या आत उरकतं, तिथं प्रेमकथा घडवायची तर ती कल्पनेतल्या नगरीतच घडवावी लागणार. लगेच १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी कादंबरी आणि नाटकांवरच्या निबंधात या प्रकाराची झडती घेतली. ‘प्रेमकादंबरी म्हणजे स्वप्नरंजन’ हा आजचा आक्षेप थेट तिथपर्यंत मागं नेता येतो.

दरम्यान १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात येऊ लागली आणि मराठीला ऐतिहासिक कादंबरी मिळाली. त्याआधीचा एक धागा आपल्या शेजारचा आहे. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी झाला. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं तासाभरात आपण त्या किल्ल्याशी पोचतो. १८६३ साली त्यानं ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी छापली. तुळजापूरच्या भवानीच्या पुजाऱ्याची विधवा मुलगी नायिका, नायक अफझलखानाचा मुलगा, काळ शिवाजीमहाराजांचा. तिच्यातली राजकारणाची बाजू आज बऱ्याच जणांना पटणार नाही, मलाही पटत नाही. पण प्रेमकथा इतिहासात गुंफायचा हा प्रयोग तुळजापूरच्या देवळात, आपल्या इथं घडला. टेलरच्याच टिपू सुलतानावरच्या कादंबरीवरून हरिभाऊ आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. तिथून ते ‘उषःकाल’कडे आणि ‘रूपनगरची राजकन्या’कडे गेले. हे नाव परीकथेचं वाटतं, आत मात्र औरंगजेबाचा काळ आहे.

पुढं मराठी ऐतिहासिक कादंबरी ज्या वळणावर गेली, तिथं आजच्या मतभेदाची खरी मेख आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. माधवराव आणि रमा यांचं प्रेम महाराष्ट्रानं घराघरांत वाचलं आणि त्याचा शेवट थेऊरला, रमाबाईंच्या सती जाण्यात होतो. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ची. तिथं बाजीराव रावेरखेडीला मस्तानीपासून दूर मरतो. त्याच १९७२ साली अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी निघाली आणि तिनं शयनगृहाचं दार उघडून, सुखान्त कायम ठेवून, लाखोंच्या खपाचा नवा रस्ता पाडला. एकाच वर्षी दोन टोकं. मराठी वाचकाच्या मनात इतिहासातलं प्रेम म्हणजे ताटातूट, चिता, समाधी. तिकडच्या वाचकाला नायक-नायिका एकत्र येणारच, हा शब्द पहिल्या पानाआधीच दिलेला असतो. म्हणून इथल्या अनेकांना ती पुस्तकं हलकी वाटतात. त्यांना खटकतो तो सुखान्त. शयनगृहाबद्दलची कुरकुर मी ऐकते, पण ती वरवरची आहे असं माझं मत आहे.

पण आपल्याच घरात सुखान्ताचीही मोठी परंपरा आहे, ती आपण साहित्य म्हणून मोजत नाही. श्रावणातल्या कहाण्या. आटपाट नगर, तिथला राजा, त्याची एक आवडती राणी, एक नावडती. नावडतीनं वसा घ्यावा, देवानं प्रसन्न व्हावं, राजानं तिला पुन्हा मानानं घरी आणावं. आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सफळ संपूर्ण. शेवट माहीत असूनही बायका हातात अक्षता धरून दर वर्षी ऐकतात. माहीत असलेला शेवट पुन्हा ऐकण्यात एक धीर असतो, आणि ‘मग वाचायचं कशाला’ या प्रश्नाचं उत्तर त्या कहाण्यांत आहे. ज्या बाईनं ‘स्वामी’ वाचून डोळे पुसले तिच्याच तोंडी नावडतीची कहाणी असे. परीकथेची ऐतिहासिक कादंबरी तिच्या या दोन वाचनांना एकमेकांसमोर आणते, तेव्हा ओढाताण होणारच.

सोलापुरात तर दोन्ही एका ठिकाणी आहेत. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न व्हावं असं मनात धरलेली कुंभारकन्या, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची दिलेली संमती, ही कथा त्यांच्या यात्रेत, गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीला जिवंत होते. पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वज पेलणारे भक्त, संमती कट्ट्यावर अक्षतांचा वर्षाव. दुसऱ्या दिवशी होम, आणि त्यात त्या कन्येचा प्रतीकरूप अग्निप्रवेश. आधी लग्न, मग अग्नी. ही कथा ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला नुसतं ‘आणि ते सुखानं नांदू लागले’ कमी पडतं, यात मला नवल वाटत नाही.

१९४१ साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष वि. स. खांडेकर होते, ‘जीवनासाठी कला’ म्हणणाऱ्या बाजूचे. त्यांनीच पुढं १९५९ साली ‘ययाति’ लिहून पुराणातली गोष्ट नव्यानं सांगितली, आणि तीत देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात. जुनी गोष्ट पुन्हा का सांगायची, याचं एक चांगलं कारण तिथं मिळतं: आधी जिला बोलू दिलं नव्हतं तिला बोलू देण्यासाठी.

मला सगळ्यांत वजनदार वाटणारं मत मात्र वेगळंच आहे. ते फारसं मोठ्यानं कुणी मांडत नाही. रिजन्सीची ती नऊ वर्षं आपल्याकडे कशी गेली? १८१७ साली इंग्रज-मराठे युद्ध पेटलं. फेब्रुवारी १८१८मध्ये आष्टीला, म्हणजे आजच्या मोहोळ तालुक्यात, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले. मे महिन्यात जनरल मन्रोनं सोलापूरचा किल्ला वेढून घेतला. लंडनच्या नाचघरात मेणबत्त्या पेटत होत्या तेव्हाच हे चाललं होतं. अशा कादंबऱ्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून श्रीमंत होऊन परतलेला एखादा काका किंवा खुद्द नायकच असतो. त्याच्या पैशानं नायिकेचं कर्ज फिटतं, तिला झगा मिळतो आणि ती नाचाला जाते. तो पैसा आला कुठून, हे पुस्तक बहुधा सांगत नाही. ज्या लेखिका वारसाहक्काचा कायदा इतक्या काटेकोरपणे लिहितात, त्यांना हे लिहिणं अवघड नाही. काही जणी अलीकडे ते लिहूही लागल्या आहेत. किल्ल्याच्या बुरुजाखालच्या बागेत बसून असं पुस्तक वाचणाऱ्या सोलापूरच्या वाचकानं हा प्रश्न आपल्या मतात जरूर लिहावा. प्रेमकथा आवडली असली तरीही लिहावा, कारण इतिहास कुठाय असं विचारताना आपण राजांची नावं आणि लढायांच्या तारखा शोधतो आणि नायिकेच्या गळ्यातल्या हिऱ्याच्या हाराकडे आपलं लक्षच जात नाही.