किंचाळणारा बेल्ट, बिथरलेला बैल आणि पाचर

जुलैत साताऱ्यात रात्रभर झड लागली, की सकाळी एखादी तरी जुनी जीप स्टार्ट होताच ‘चींऽऽ’ करून किंचाळते आणि दोन-चार मिनिटांनी गप्प होते. आवाज असतो इंजिनपुढच्या बेल्टचा. यावर ठरलेले उपाय तीन. बेल्टवर साबणाची वडी घासा, गिरणीवाल्याकडून राळ आणून लावा, नाहीतर टॉमीने (लोखंडी कांबीने) डायनॅमो ओढून बेल्ट तारेसारखा आवळा. (डायनॅमो हा शब्द गॅरेजमधून जायचा नाही. तिथे बसलेला असतो अल्टरनेटर, म्हणजे बेल्टने फिरून वीज करणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र.) तिन्ही उपाय चुकीचे आहेत. का चुकीचे, ते कळलं तर बेल्ट बदलणं घरच्या अंगणात होणारं काम आहे.

बेल्ट पुलीला कसा धरतो, ते बैलाच्या दोरावरून कळतं. बिथरलेला बैल एकट्याने धरायचा तर दोर झाडाला गुंडाळतात आणि मोकळं टोक हातात ठेवतात. दोर आणि साल यांचा घर्षणांक (पकड किती, त्याचं माप) ०.३ धरला, तर एका वेढ्यात हाताची ताकद साडेसहा पट होते, दोन वेढ्यांत ४३ पट, तीन वेढ्यांत सुमारे २८५ पट. इथे बेरीज नसून गुणाकार चालतो. दोराचा प्रत्येक तुकडा आपल्या ताणाच्या प्रमाणात झाडावर दाबला जातो, त्या दाबाने घर्षण वाढतं, आणि पुढचा तुकडा आणखी ताण पेलतो. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने याचं गणित मांडलं : दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे २.७१८ या संख्येचा घात, आणि तो घात म्हणजे घर्षणांक गुणिले वेढ्याचा रेडियनमधला कोन (पूर्ण वेढा म्हणजे ६.२८ रेडियन).

अल्टरनेटरच्या पुलीला मात्र बेल्टचा पूर्ण वेढाही मिळत नाही, जेमतेम १२० अंश मिळतात. गिरणीसारखा सपाट पट्टा असता तर गुणोत्तर १.९ वर अडकलं असतं. म्हणून पुलीला व्ही आकाराची खाच असते, साधारण ३८ अंशांची. बेल्ट खाचेच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींत पाचरीसारखा रुततो. आत ओढणारा जोर १ किलो असला, तर दोन भिंतींवरचा दाब मिळून ३ किलो होतो. घर्षणांक जणू ०.३ चा ०.९२ झाला. तो घातात असल्याने गुणोत्तर १.९ वरून थेट ७ वर जातं.

आता १४ व्होल्टला ६० अँपिअर, म्हणजे ८४० वॅट वीज घ्यायची आहे. अल्टरनेटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरून बेल्टला दीड किलोवॅट, म्हणजे दोन अश्वशक्ती पोचवावी लागते. बेल्टचा वेग सेकंदाला १५ मीटर असेल, तर ओढणाऱ्या आणि ढिल्या बाजूच्या ताणात १० किलोंचा फरक हवा. सपाट पट्ट्याला त्यासाठी एका बाजूला २१ आणि दुसऱ्या बाजूला ११ किलो ताण लागेल. व्ही बेल्टचं १२ आणि २ वर भागतं. हे आकडे किमान आहेत. त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि पंखाही असतो, शिवाय ॲक्सिलरेटर दाबताच रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा फिरता भाग, एकदम पळवायचा असतो, म्हणून प्रत्यक्षात ताण कितीतरी जास्त ठेवतात.

बेल्ट ओला झाला आणि घर्षणांक निम्मा झाला, तर ७ चं गुणोत्तर २.६ वर येतं आणि तेवढ्याच कामाला १६ आणि ६ किलो लागतात. थोडा ढिला असलेला बेल्ट इथे घसरतो. सकाळीच, कारण स्टार्टरने बॅटरी नुकतीच ओरपलेली असते आणि अल्टरनेटरवर सगळ्यात जास्त ओझं तेव्हा असतं. आवाज मात्र नुसत्या घसरण्याचा नसतो. चिकट-सुट, चिकट-सुट अशा थरथरीचा असतो. साबण लावला की चिकटणं संपतं आणि आवाज थांबतो, घसरणं चालूच राहतं. राळ सपाट पट्ट्याला चालायची. रबरी व्ही बेल्टवर ती धूळ धरते आणि घट्ट होऊन बसते. ‘एका फवाऱ्यात आवाज बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रेनेही ढिला बेल्ट ताणला जात नाही. आणि बॅटरी सारखी उतरते म्हणून दर शनिवारी लिंबू-मिरची बदलणाऱ्यांनी एकदा बोनेटही उघडावं.

इंजिन थंड असताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही करंट असतो, पाना तिथे टेकला तर ठिणगी उडते. खालचा बोल्ट थोडा सैल करा, वरच्या खाचेच्या पट्टीवरचा जास्त सैल करा, अल्टरनेटर इंजिनकडे ढकला आणि बेल्ट उतरवा. पंखा आड येत असेल तर एकेका पात्यावरून काढा. नवा बेल्ट जुन्याशी ताणून जुळवू नका, नंबर बघा : १० बाय ९५० म्हणजे वरची रुंदी १० मिमी, लांबी ९५० मिमी. पुली तेल न लावता कोरड्या फडक्याने पुसा आणि हाताने फिरवून बघा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, बेल्टचा दोष नाही. स्क्रूड्रायव्हरने बेल्ट चढवू नका, आतले दोरे तुटतात. बसलेल्या बेल्टची वरची कड पुलीच्या काठाला समतल हवी. खोल गेला आणि तळाला टेकला तर पाचर संपली, मग कितीही आवळा, तो सपाट पट्टाच.

ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या पुढच्या कवचाला, पट्टीजवळ लावा. मध्ये किंवा मागे लावली तर ॲल्युमिनियम तडकतं. आधी वरचा बोल्ट आवळा, मग खालचा. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागात मधोमध अंगठ्याने १० किलोच्या जोराने दाबा. बेल्ट साधारण १० मिमी दबावा, पण गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. जास्त आवळण्याचा दंड बेअरिंग भरतं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, की त्याचं आयुष्य आठव्या हिश्शावर येतं.

नवा बेल्ट खाचेत बसताना ढिला होतो. म्हणून बॅटरीची वायर परत जोडून १५ मिनिटं इंजिन चालवून, थंड करून पुन्हा दाबून बघा, आणि २००-३०० किलोमीटरनंतर परत एकदा. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तरीही चिवचिव राहिली, तर इंजिन आयडलला ठेवून, हात लांब ठेवून, बेल्टवर थोडं पाणी शिंपडा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत.