एलईडी इंडिकेटरची वाढलेली उघडझाप: लोड रेझिस्टर की एलईडी फ्लॅशर?

इंडिकेटरचा तारेचा बल्ब काढून एलईडी बसवला की बऱ्याच गाड्यांत उघडझाप एकदम दुप्पट वेगाने होऊ लागते. उपाय म्हणून दोन वस्तू सुचवल्या जातात. एक म्हणजे सोनेरी ॲल्युमिनियमच्या आवरणातला, दोन वायरींचा लोड रेझिस्टर. दुसरी म्हणजे दोन-तीन पिनांची चौकोनी डबी, एलईडी फ्लॅशर. दोन्हींनी उघडझाप मूळ वेगावर येते, म्हणून कोणतीही घेतली तरी चालेल असं अनेकांना वाटतं. पण दोघींचं काम वेगळं, जागा वेगळी आणि धोकेही वेगळे.

आधी वेग का वाढतो ते पाहू. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॅटचा असतो आणि पावणेदोन ॲम्पियरच्या आसपास करंट घेतो. गाडीतला मूळचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, म्हणजे दिव्याची उघडझाप करणारी डबी, हा करंट मोजत असतो. एक बल्ब उडाला की करंट घटतो आणि फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो, म्हणजे चालकाला कळावं. एलईडी जेमतेम पाव-अर्धा ॲम्पियर घेतो, त्यामुळे फ्लॅशरच्या हिशेबी बल्ब गेलेलाच असतो. थोडक्यात, इथे काहीच बिघडलेलं नाही; इशारा देणारी यंत्रणा चोख काम करते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी लागते, त्यामुळे वाढलेला वेग तसाच ठेवणंही बरोबर नाही. जुन्या, द्विधातू पट्टीच्या (करंटने तापून वाकणाऱ्या पट्टीच्या) फ्लॅशरमध्ये मात्र उलट होतं: पट्टी पुरेशी तापतच नाही आणि उघडझाप मंदावते किंवा होतच नाही.

लोड रेझिस्टर एलईडीच्या जोडीने जादा करंट ओढतो आणि फ्लॅशरला जुना बल्बच आहे असं भासवतो. तो समांतर जोडायचा: एक टोक इंडिकेटरच्या पॉझिटिव्ह वायरला, दुसरं अर्थला, म्हणजे निगेटिव्हला. वायर कापून मधे ओळीत जोडला तर करंट वाढत नाही, उलट थोडा घटतोच, आणि वेग तसाच राहतो. ‘रेझिस्टर लावूनही फरक पडला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच जोडणी असते.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि याच बाबतीत लोक सर्वांत जास्त निष्काळजी असतात. सहसा मिळणारा रेझिस्टर ६ ओहम, ५० वॅटचा. इंजिन चालू असताना वायरिंगमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात. म्हणजे त्यातून सव्वादोन ॲम्पियरहून जास्त करंट जातो आणि पेटलेल्या क्षणी सुमारे ३३ वॅट उष्णता बाहेर पडते. दिवा निम्मा वेळ बंद असल्याने सरासरी सोळाएक वॅट धरा. वीज वाचवायला एलईडी बसवला आणि वर हा रेझिस्टर जोडला, तर बचत तिथेच संपते. शिवाय ५० वॅट हा आकडा रेझिस्टर धातूच्या मोठ्या पत्र्यावर घट्ट बसवलेला असतानाचा आहे. मोकळ्या हवेत लटकत ठेवला तर त्याची क्षमता निम्म्याहूनही कमी होते. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण) बराच वेळ चालू राहिला तर तो पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे तापू शकतो. मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिक घरात चिकटपट्टीने डकवलेला रेझिस्टर प्लॅस्टिक वितळवतो. त्याला दोन भोकं दिलेली असतात ती स्क्रूने बॉडीच्या पत्र्यावर बसवण्यासाठीच. ब्रेकच्या दिव्याला तर तो लावूच नये, कारण तिथे करंट सलग वाहत राहतो.

एलईडी फ्लॅशर कोणाला फसवत नाही. तो मोजणाऱ्यालाच बदलतो. जुनी डबी काढायची, त्याच सॉकेटमध्ये नवी बसवायची. ती करंट पाहून नाही, आपल्या आतल्या टायमरवर ठरलेल्या वेगाने चालते. ना उष्णता, ना वायर कापणं. पिनांच्या क्रमाकडे मात्र नीट लक्ष द्या. जर्मन मानकातले क्रमांक डबीवर छापलेले असतात: ४९ म्हणजे येणारा पुरवठा, ४९ए म्हणजे दिव्यांकडे जाणारी वायर, ३१ म्हणजे अर्थ. दोन डब्या दिसायला सारख्या असूनही पिनांची जागा वेगळी असू शकते. मूळ फ्लॅशर दोन पिनांचा असेल तर नव्यासाठी अर्थची वायर वेगळी ओढावी लागू शकते.

तुमच्या गाडीत बदलता येईल असा फ्लॅशर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तोच घ्या, रेझिस्टरचा विचारही करू नका. तो आहे की नाही हे फ्यूज बॉक्सचा नकाशा सांगतो. इंडिकेटरच्या टकटक आवाजावर विसंबू नका. पुष्कळ नव्या गाड्यांत ती टकटक डॅशबोर्डचा स्पीकर काढतो आणि उघडझाप बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे चालवणारा गाडीतला छोटा संगणक, सांभाळतं. तिथे बदलायला डबीच नसते. मॉड्यूलमध्ये एलईडीची सेटिंग असेल तर ती बदलणं उत्तम, नसेल तरच रेझिस्टर. तोही दरवेळी पुरत नाही: काही मॉड्यूल दिवा बंद असतानाही बारीक झटके पाठवून तार शाबूत आहे का हे तपासतात. थंड तारेचा रोध पेटलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असल्याने ६ ओहम त्यांना पटेलच असं नाही.

किंमत मात्र दोन्हीकडे एकच मोजावी लागते: बल्ब गेल्याचा इशारा बंद होतो. एलईडी विझला तरी रेझिस्टर करंट ओढत राहतो. फ्लॅशर तर करंटच्या फरकाकडे पाहतच नाही. म्हणून अधूनमधून हॅझर्ड लावून गाडीभोवती चक्कर मारा आणि चारही कोपऱ्यांचे दिवे पाहा. रेझिस्टर लावला असेल तर पहिल्यांदा दहा मिनिटं हॅझर्ड चालू ठेवा, मग बंद करून त्याच्या आसपासची वायर मऊ पडली आहे का, रंग बदलला आहे का हे पाहा. रेझिस्टरला हात लावू नका.